'रन'चे किती अर्थ पाठ करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा मराठी माध्यमाची, नोकरी महाप्याच्या एका कंपनीत, आणि साहेबांच्या एकाच मेलमध्ये 'रन' तीनदा आला. आधी 'वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ टाइम', मग 'रन द रिपोर्ट अगेन', आणि शेवटी 'रन इट बाय फायनान्स बिफोर यू सेंड इट'. मोबाइलवर कोश उघडलात तर अर्थांची यादी संपेना. मग तुम्ही वही घातलीत, रोज थोडे थोडे अर्थ पाठ करू लागलात, आणि लक्षात आलं की वहीतले अर्थ वहीतच राहतात, मेल वाचताना एकही मदतीला येत नाही. तुम्ही विचारलंय की नेमके किती अर्थ पाठ केले म्हणजे काम भागेल, आणि कोश कोणता घ्यावा.

आधी मेलचा अर्थ सांगून टाकते. पहिलं वाक्य: आपल्याकडे वेळ कमी उरलाय. दुसरं: रिपोर्ट पुन्हा काढा. तिसरं: पाठवण्याआधी फायनान्सवाल्यांना एकदा दाखवून घ्या. तिन्हीत कोणीच कुठे धावत नाही, आणि तुमची खरी अडचण मला तिथेच दिसते. अर्थ खूप आहेत ही अडचण दुय्यम आहे. पहिल्यांदा शिकवलेला अर्थ फार अरुंद आहे आणि बाकीचे सगळे अर्थ आपण त्याच्यातून ओढून काढायला जातो, हे मूळ दुखणं.

मी ठाण्यात बरीच वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतरं करते, जास्त करून कोर्टाचे आणि घरांच्या व्यवहारांचे कागद, आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. कळव्याहून, ऐरोलीहून, घणसोलीहून माणसं येतात. कुणी लॅबमध्ये असतं, कुणी गोदामात, कुणी कॉल सेंटरला. सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून एक समीकरण पक्कं बसलेलं असतं: रन म्हणजे धावणे. ते खोटं नाही. पण नोकरीतल्या इंग्रजीत 'रन' दिसला तर तिथे पाय हलवत पळण्याचा अर्थ क्वचितच असतो.

आकड्याचं आधी सांगते, कारण तुम्ही आकडा विचारलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात पूर्वी 'सेट' या शब्दाची नोंद सगळ्यात लांब होती. नवी आवृत्ती तयार होताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकाराने ती नोंद लिहिली. त्या एका शब्दावर त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक गेले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पण हा कोश शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास मांडतो. त्यात वापरातून गेलेले अर्थ आहेत, खलाशांचे आहेत, शिकाऱ्यांचे आहेत. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही ते सगळे ठाऊक नसतात आणि त्याचं काही अडत नाही. तेव्हा ६४५ हा आकडा कुतूहलापुरता ठेवा, अभ्यासक्रम म्हणून नको.

आता जरा मराठीकडे वळा. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, घाटात बस लागते, नौपाड्याकडे जाताना उजव्या हाताला बँक लागते, भाजीत मीठ जास्त लागतं, फोन लागत नाही, पोरगं अभ्यासाला लागतं, आणि ऑफिसला जावं लागतं. यातला एकही अर्थ तुम्हाला कुणी यादी करून पाठ करायला लावला नाही. 'घाटात बस लागली' आणि 'फलाटाला बस लागली' यांत तुमचा कधी गोंधळ होत नाही, कारण बाजूचा शब्द निवाडा करून देतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. इंग्रजाला मराठी कळावी म्हणून केलेल्या त्या कोशात 'लागणे' उघडून पाहा, म्हणजे आपल्या या साध्या शब्दापुढे परक्या माणसाची काय अवस्था होत असेल ते कळेल. तुम्ही आज 'रन'पुढे तसेच उभे आहात. म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ सांभाळायची कला तुमच्याकडे आहेच, फक्त ती या शब्दावर वापरायची आहे.

माझ्या वर्गात मी पहिली गोष्ट ही करते की 'रन म्हणजे धावणे' काढून तिथे 'रन म्हणजे चालणे' लिहायला सांगते. सगळे दचकतात, कारण चालणे म्हणजे 'वॉक' हेही शाळेतच पक्कं झालेलं असतं. पण आपण चालणे कुठे कुठे वापरतो ते पाहा. दुकान चालतं. पंखा चालतो. नाटक तीन महिने चाललं. खटला चालतो. संसार चालतो. यांतल्या बहुतेक जागी इंग्रजी माणूस 'रन' म्हणतो: द शॉप रन्स वेल, द फॅन इज रनिंग, द प्ले रॅन फॉर थ्री मन्थ्स. घरभाड्याचा करार आपल्याकडे बहुतेक अकरा महिन्यांचा असतो, तिथेही 'द अग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मन्थ्स'. माणसाच्या पायांचं सोडलं तर आपलं चालणे आणि त्यांचं रन जवळजवळ एकाच रस्त्याने जातात.

यातच एक बारीक फरक आहे आणि तो कळला की निम्मं काम झालं. आपण 'दुकान चालतं' आणि 'तो दुकान चालवतो' यांत रूप बदलतो. 'चाल'चं 'चालव' होतं, आणि आपोआप चाललंय की कुणी चालवतंय ते एका 'व'मधून कळतं. इंग्रजीत तो 'व' नाही. 'द मशीन रन्स' म्हणजे मशीन चालतं, आणि 'ही रन्स द मशीन' म्हणजे तो मशीन चालवतो. क्रियापद तेच. याला कारण आहे. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी पण सख्खी क्रियापदं होती, एक स्वतः वाहण्या-पळण्याचं आणि दुसरं पळवण्याचं. पुढे दोन्ही मिसळून एक झाली. त्यामुळे 'रन' दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: याच्यापुढे कर्म आहे का? कर्म असेल तर मनात 'चालवणे' म्हणून बघा, नसेल तर 'चालणे'. 'रन द रिपोर्ट'मध्ये रिपोर्ट हे कर्म आहे, म्हणून सिस्टीमवर ते काम चालवा, म्हणजेच रिपोर्ट काढा. रन अ बिझनेस, रन अ टेस्ट, रन अ क्लास, रन अ कॅम्पेन, वर्तमानपत्राने 'रन अ स्टोरी' म्हणजे बातमी चालवली, सगळे याच पेटीतले. बातमी 'चालवली' हे तर आपण मराठीतही जसंच्या तसं म्हणतो.

यंत्रं आली, मग रेल्वे आली, मग कॉम्प्युटर आले, आणि प्रत्येक वेळी या शब्दाला नवी कामं मिळत गेली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला निघाली तेव्हा इंग्रजीत गाड्या 'रन' होत होत्या, आणि आज ऐरोलीच्या ऑफिसात कोड 'रन' होतो. रेल्वेच्या बाबतीत मराठीनेही धावणे हाच शब्द उचलला. 'गाड्या उशिराने धावत आहेत' हे आपण इतकं ऐकलंय की त्यातली गंमत जाणवत नाही, कारण उशिराने धावणारी गाडी पुष्कळदा कोपर किंवा कळव्याच्या अलीकडे उभीच असते. 'आय अ‍ॅम रनिंग लेट' म्हणणारा माणूसही तसाच टॅक्सीत बसलेला असू शकतो. त्याचा अर्थ एवढाच की माझं आजचं वेळापत्रक मागे पडलंय.

चालणे बसलं नाही तर दुसरं क्रियापद धरा: वाहणे. शब्दाच्या मुळाशी पाण्याचं वाहणं आहेच, जर्मनमधलं भावंड 'रिनेन' आजही पाण्याच्या वाहण्यालाच वापरतात. नळ उघडा राहिला तर 'द टॅप इज रनिंग'. नाक वाहतं तेव्हा 'माय नोज इज रनिंग'. नव्या ओढणीचा रंग धुताना जातो तेव्हा 'द कलर रन्स', म्हणजे रंग पाण्याबरोबर वाहून दुसऱ्या कपड्याला लागतो. पावसाचं जे पाणी जमिनीत न मुरता वाहून जातं ते 'रनऑफ', आणि नवी मुंबईच्या डोंगराकडच्या वसाहतींत राहणाऱ्यांना तो शब्द जुलैत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरं क्रियापद जाणे, आणि हे मला सगळ्यांत आवडतं, कारण इथे हलणारं काहीच नसतं. 'ठाणे-बेलापूर रोड रन्स थ्रू द एमआयडीसी.' रस्ता तर जागच्या जागी आहे. पण आपणही म्हणतोच की रस्ता एमआयडीसीतून जातो, पाइपलाइन खाडीखालून जाते, सोसायटीची भिंत मागपर्यंत गेलीय. डोळा त्या रेषेवरून पुढे सरकतो आणि भाषा ते सरकणं रस्त्याच्या नावावर लिहिते. भाषांतराच्या कामात याचंच एक वजनदार रूप सारखं भेटतं. नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे भाडेपट्ट्याचे आणि हस्तांतराचे दस्त पुष्कळ येतात. तशा इंग्रजी दस्तांत 'रनिंग विथ द लँड' हे शब्द दिसले की समजायचं, अट माणसाला चिकटलेली नाही, जमिनीला चिकटलेली आहे. जमीन ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे अटही जाते. इथे कुणी 'जमिनीसह धावणारी' लिहिलं तर वाचणारा हसेलच, पण नंतरचा खरेदीदार अडचणीत येऊ शकतो.

चालणे, वाहणे, जाणे. या तिन्हींच्या पोटात एकच गोष्ट आहे: मध्ये न तुटता पुढे सरकत राहणं. म्हणून 'रनिंग' हा शब्द विशेषण म्हणून आला की पुष्कळदा त्याचा अर्थ 'सलग' असा होतो. घरात सुतारकाम काढलंत तर सुतार 'रनिंग फूट'चा दर सांगतो, म्हणजे रुंदी-उंची न धरता सलग लांबीवर. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे लागोपाठ तीन दिवस, इथे कुणी तीन दिवस पळत नाही. जुन्या शाळांत 'रनिंग हँड' शिकवत, अक्षराला अक्षर जोडून लिहायची लिपी. आपली मोडी हात न उचलता लिहायची, तीच ही कल्पना.

या सलगपणाचं सगळ्यात कडक उदाहरण कायद्यात आहे. १९६३च्या मुदत कायद्याला जोडलेल्या तक्त्यात तीन रकाने आहेत: दावा कसला, मुदत किती, आणि मुदत कधीपासून 'बिगिन्स टू रन'. म्हणजे घड्याळ कुठल्या दिवसापासून मोजायचं. त्याच कायद्याचं कलम ९ सांगतं की वेळ एकदा 'रन' व्हायला लागली की नंतर आलेल्या अडचणीने ती सर्वसाधारणपणे थांबत नाही. माझ्या मराठीत मी तिथे 'मुदत सुरू होते' आणि 'सुरू झालेली मुदत खंडित होत नाही' असं लिहिते. 'मुदत धावते' असं लिहिलेली भाषांतरं मी पाहिली आहेत. वाचणाऱ्याला ती घाई सुचवतात, आणि कायद्याला घाई म्हणायची नाही, खंड नाही एवढंच म्हणायचंय.

इथपर्यंत एकट्या 'रन'चं झालं. तुमच्या मेलमधलं तिसरं वाक्य मात्र वेगळ्या घरातलं आहे. तिथे 'रन'च्या मागोमाग एक छोटा शब्द येतो, आउट, इनटू, ओव्हर, थ्रू, डाउन, बाय, आणि अर्थाचा कारभार तो छोटा शब्दच हाती घेतो. आपल्याकडे 'करून टाकणे' आणि 'करून बघणे' यांत जसा जोडीदार अर्थ फिरवतो तसंच. इथे 'रन'चे अर्थ शोधत बसू नका, जोडी हाच एक शब्द धरा.

'रन आउट'वर जरा थांबते, कारण यात आपण क्रिकेटमुळे फसतो. खेळपट्टीवर रन आउट म्हणजे धावबाद, आणि ते आपल्याला लहानपणापासून माहीत. ऑफिसात 'रन आउट' म्हणजे संपणे. त्यातही दोन मांडण्या आहेत. वस्तू कर्त्याच्या जागी असेल तर 'द पेपर रॅन आउट', कागद संपला. माणूस कर्ता असेल तर मध्ये 'ऑफ' लागतोच: 'वुई रॅन आउट ऑफ पेपर'. मराठीत 'आम्ही कागद संपलो' असं म्हणता येत नाही, आपण 'आमचा कागद संपला' म्हणतो, म्हणून दुसरी मांडणी आपल्या तोंडात सहज बसत नाही आणि 'ऑफ' गळतो. वर्गात मी हे एक वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने, वेगवेगळ्या वस्तू घालून वदवून घेते: साखर, टोनर, वेळ, संयम, मोबाइलचा बॅलन्स. तुमच्या मेलमधलं 'रनिंग शॉर्ट ऑफ' याच कुळातलं, फक्त तिथे वस्तू अजून संपलेली नाही, संपत आलीय.

'रन इनटू'मध्ये बाजूचा शब्द बघण्याची सवय चांगली लागते. ठाणे स्टेशनच्या पुलावर जुनी मैत्रीण अचानक भेटली, आय रॅन इनटू हर. रिक्षा दुभाजकावर आदळली, द रिक्षा रॅन इनटू द डिव्हायडर. प्रोजेक्ट अडचणीत सापडलं, इट रॅन इनटू ट्रबल. आणि खर्च कोटींच्या घरात गेला, द कॉस्ट रन्स इनटू क्रोअर्स. 'घरात जाणे' ही आपली म्हणण्याची रीत किती जवळ आहे बघा. चारही ठिकाणी जोडी तीच, पण पुढे माणूस आहे, वस्तू आहे, संकट आहे की आकडा, यावरून मराठी क्रियापद ठरतं: भेटणे, आदळणे, सापडणे, जाणे.

'रन ओव्हर'मध्ये पुढे काही आहे की नाही तेवढंच बघा. 'द मीटिंग रॅन ओव्हर' म्हणजे मीटिंग लांबली. 'द ट्रक रॅन ओव्हर अ डॉग' म्हणजे कुत्रा ट्रकखाली आला. 'रन थ्रू' म्हणजे वरवर सगळ्यावरून एकदा नजर फिरवणे, आणि 'रन मी थ्रू इट' म्हणजे मला पहिल्यापासून समजावून सांगा. 'रन डाउन' इमारतीबद्दल असेल तर मोडकळीला आलेली, माणसाबद्दल असेल तर थकलेला. 'रन समथिंग बाय समवन' म्हणजे पुढे जाण्याआधी एखाद्याच्या कानावर घालणे, त्याचं मत घेणे. यात परवानगी मागणं असतंच असं नाही. साहेब तुम्हाला फायनान्सची सही आणायला सांगत नाहीयेत, त्यांनी एकदा बघावं एवढंच म्हणतायत. सही हवी असती तर त्यांनी बहुधा 'अप्रूव्हल' हा शब्द वापरला असता. पण हे ऑफिसच्या रीतीवरही अवलंबून असतं. काही ठिकाणी 'रन इट बाय' असं सौम्यपणे म्हणतात आणि अपेक्षा मात्र लेखी होकाराची असते. शंका असेल तर सरळ विचारा, 'शुड आय वेट फॉर देअर अप्रूव्हल?'

काही तुकडे कुठल्याच पेटीत नीट बसत नाहीत, ते आख्खे लक्षात ठेवायचे. रनिंग अ फीव्हर, अंगात ताप असणे. रन एरंड्स, बँक, पोस्ट, औषधं अशी बाहेरची किरकोळ कामं उरकणे. रन अ रिस्क, धोका पत्करणे. इट रन्स इन द फॅमिली, घराण्यातच आहे, मग तो डायबेटिस असो की गळा. निवडणुकीला अमेरिकेत माणूस 'रन' करतो, इंग्लंडमध्ये 'स्टँड' करतो, आपल्याकडच्या इंग्रजीत 'कॉन्टेस्ट' करतो. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सर्वसाधारण, चारचौघांसारखं. आणि लोक घाबरून बँकेतून पैसे काढायला गर्दी करतात त्याला 'अ रन ऑन द बँक' म्हणतात, बहुधा हा एकच असा, जिथे माणसं खरंच धावत सुटलेली असतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही कंपनी कसली ते लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर पुष्कळ बदलतं. औषधांच्या लॅबमध्ये 'रन' म्हणजे यंत्रावर एक नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवणे, आणि 'रन टाइम' म्हणजे त्या एका फेरीला लागणारा वेळ. सॉफ्टवेअरमध्ये 'ड्राय रन' म्हणजे खऱ्या माहितीला हात न लावता केलेली तालीम. गोदाम-वाहतुकीत 'मिल्क रन' म्हणजे एकाच गाडीने एका फेरीत अनेक पुरवठादारांकडून माल गोळा करणे. बांधकामात 'रनिंग बिल' म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं दिलेलं बिल. छपाईत 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. रेल्वेत 'रनिंग स्टाफ' म्हणजे गाडीवर काम करणारे, मोटरमन, गार्ड वगैरे. यातले तुमच्या कामातले एक-दोन तुम्हाला रोज लागतील आणि बाकीचे कदाचित आयुष्यात कधीच लागणार नाहीत. म्हणून सगळ्यांसाठी एकच यादी देणं मला पटत नाही.

वही चालू ठेवा, फक्त तिची मांडणी बदला. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, ही मांडणी काढून टाका. मेलमधलं वाक्य जसंच्या तसं, आख्खं उतरवा. त्याखाली त्याच प्रसंगी तुम्ही मराठीत काय म्हणाला असता ते लिहा, कोशातला अर्थ नको. 'रन द रिपोर्ट'खाली 'रिपोर्ट काढ' लिहा, कारण तुमच्या टेबलाशेजारचा मराठी माणूस तेच म्हणेल. मग वाक्यातल्या ज्या शब्दाने अर्थ ठरवला त्याखाली रेघ मारा: रिपोर्ट, शॉर्ट ऑफ, बाय. महिन्याभरात वही पातळ राहील, पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या कामाचं असेल आणि पुन्हा समोर आलं की ओळखू येईल.

बोलताना-लिहिताना तीन ठिकाणी आपण हमखास घसरतो, ती सांगून ठेवते. भूतकाळ 'रॅन', पण 'हॅव'नंतर पुन्हा 'रन': 'आय हॅव रन द रिपोर्ट', 'हॅव रॅन' नाही. कंपनी तोट्यात चालते ते 'रनिंग अ‍ॅट अ लॉस', आपण मराठीतल्या 'त'मुळे 'इन लॉस' म्हणून जातो. आणि वाहत्या नाकाला इंग्रजीत विशेषण लावायचं तर 'रनी नोज', 'रनिंग नोज' नाही. शिवाय औपचारिक पत्रात, सोसायटीच्या नोटिशीत किंवा अर्जात 'रन' जरा सैल वाटतो. तिथे संस्था चालवण्याला 'मॅनेज', यंत्र चालवण्याला 'ऑपरेट', कार्यक्रम घेण्याला 'कंडक्ट' बरं दिसतं. सहकाऱ्याच्या मेलमध्ये मात्र 'रन'च सहज वाटतो, तिथे जड शब्द घालू नका.

कोशाबद्दल. तुम्ही उघडलेला कोश बहुधा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठीचा होता. तुम्हाला शिकणाऱ्यांचा कोश हवा, ज्याच्या नावात 'लर्नर्स' असतं. ही परंपराच परदेशी विद्यार्थ्यांच्या गरजेतून आली. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते, त्यांचा पहिला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि पुढे तोच ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स झाला. त्यात जास्त वापरातले अर्थ साधारणपणे आधी येतात आणि क्रियापदामागे लागणारे छोटे शब्द वेगळे काढून दिलेले असतात. दुसरा माझ्या आवडीचा म्हणजे कॉबिल्ड. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा कॉम्प्युटरवर गोळा करून तो बांधला आणि १९८७ साली काढला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात देतात, 'तुम्ही एखादा धंदा रन करता तेव्हा…' अशा धर्तीवर, त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोणतं हे अर्थाबरोबरच कळतं. तुमच्यासारख्याला मी आधी कॉबिल्ड सुचवेन. नेटवर शिकणाऱ्यांचे कोश फुकट बघता येतात, त्यामुळे पुस्तक घ्यायची घाई करू नका. आणि कुठलाही कोश उघडलात तरी आधी उदाहरणाची वाक्यं वाचा, तुमच्या वाक्यासारखं दिसणारं वाक्य शोधा, आणि मग त्याच्या वरचा अर्थ बघा.

पुढे कुठे अडलात तर जरूर विचारा. फक्त एकटा शब्द पाठवू नका. मेलमधलं पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, आणि तुमचं काम कसलं आहे एवढं लिहा.